सेन्सरला लावलेला टिळा

मोह गळायला लागला की आमच्या रस्त्याला वास सुटतो. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणारा हा रस्ता, आणि त्याच्या कडेला माझं गॅरेज. सकाळी शटर वर करतो तेव्हा ग्रीसच्या आधी मोहाचाच वास नाकात शिरतो. गोडसर, थोडा आंबलेला. बाहेरगावचे लोक नाक मुरडतात, आम्हाला तो आवडतो. निदान मला आवडायचा. गेली चार वर्षं मात्र हा वास आला की माझे कान तापतात. बायकोला मी सांगतो, ऊन फार आहे, आणि रुमाल ओला करून डोक्यावर घेतो. ऊन असतंच, आमच्याकडे त्याला काय तोटा. पण कान तापतात ते शरमेनं.

याच दिवसांत जंगलातले पाणवठे आटत जातात, वाघ राहिलेल्या पाण्यावर येऊन बसतो, आणि त्याला बघायला देशभरातून माणसं येतात. रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग. त्यातली एखादी माझ्या दारात थांबते, काच अर्धी खाली होते आणि आतून थंड हवेबरोबर प्रश्न येतो, "भैया, ये पीली लाइट क्यों जल रही है?" मी वाकून बघतो. इंजिनाच्या आकाराचा तो छोटासा पिवळा दिवा. स्कॅनर लावण्याआधीच मला वाटतं, ऑक्सिजन सेन्सर नसू दे. दुसरं काहीही निघू दे.

ज्यांना गाडी फक्त चालवता येते त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. बोटाएवढा तुकडा, धुराच्या नळीत आट्यांनी बसवलेला. इंजिनात जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला हे तो हुंगतो आणि गाडीच्या संगणकाला कळवतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय, कमी उरला तर पेट्रोल जास्त जातंय. त्याच्या शब्दावर सगळं चालतं. तो खोटं बोलायला लागला की इंजिन चांगलं असूनही गाडी आचके देते, काळा धूर ओकते, आणि बिचाऱ्या मालकाला वाटतं इंजिनच गेलं. खोटं बोलणारा एवढासा, भोगणारा भलताच.

चार वर्षांपूर्वी असाच मोह गळत होता तेव्हा ती लाल गाडी आली. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. मालक निशांतभाऊ, नागपूरचे, तिशीतले, मोहर्लीजवळ रिसॉर्ट चालवायचे. त्या गाडीला आमचा रस्ता म्हणजे शिक्षाच होती. प्रत्येक गतिरोधकावर ती तिरपी करून, इंचाइंचानं चढवावी लागे, आणि तरी पोट घासल्याचा आवाज येईच. मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया थांबून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. तिलाही तो पिवळा दिवा लागला होता. कंपनीचं वर्कशॉप नागपूरला, आणि आचके खात तेवढ्या लांब जायची निशांतभाऊंची तयारी नव्हती. म्हणून ती माझ्या दारात आली.

मी आयुष्यभर कोळशाचे ट्रक आणि जंगलात फिरणाऱ्या जिप्सी दुरुस्त केलेला माणूस. अशी गाडी माझ्या शेडखाली उभी राहिली तेव्हा खरं सांगतो, मला हात धुवावेसे वाटले. मेकॅनिकला आपल्या हुशारीचा जो गर्व असतो तो वकिलाला पण नसेल. माझ्या त्या गर्वाला त्या दिवशी शिंगं फुटली.

स्कॅनर लावला. सेन्सरच गेलेला. पण अशा गाडीत सेन्सर एक नसतो. सहा सिलिंडरचं इंजिन, तीन इकडे, तीन तिकडे. प्रत्येक बाजूला धूर साफ करणारा एक डबा असतो, त्याच्या आधी एक सेन्सर आणि नंतर एक. म्हणजे एकूण चार. नागपूरच्या पार्टवाल्यानं फोनवर मला उभं-आडवं घेतलं. कोणत्या बाजूचा? डब्याच्या आधीचा की नंतरचा? मी बॉनेटसमोर उभा राहून म्हणालो, डावा. मग जीभ चावली, कारण गाडीची डावी बाजू सीटवर बसून मोजायची, समोर उभं राहून नाही. माझा डावा म्हणजे तिचा उजवा. चुकलो असतो तर भलताच तुकडा आला असता, कारण दोन्ही बाजूंच्या वायरींची लांबी वेगळी. वायर वीतभर कमी पडली तर ताणून तुटते, जास्त झाली तर नळीला टेकून वितळते. पार्टवाला म्हणाला, सगळ्यांना चालणारा एक स्वस्तातला येतो, वायरी कापून जोडायच्या. मी नाही म्हणालो. अशा गाडीला जोडकाम नको, तिच्याच नंबरचा, तिच्याच पिनेचा हवा. तीन दिवस नंबर जुळवण्यात गेले आणि ते सगळं मी बरोबर केलं. निवडण्यात माझी काही चूक झाली नाही. हे मी अजूनही सांगतो. जिथं चुकलो ते सांगायची हिंमत नसली की माणूस जिथं बरोबर होता तेच घोळवत बसतो.

सेन्सर आला त्या दिवशी गॅरेजला जत्रेचं रूप होतं. दोन-तीन जिप्सीवाले काम नसताना येऊन बसले. निशांतभाऊ मोबाईलवर चित्रण करत होते. माझी बायको सुनंदा, जी पार्टचं कपाट सांभाळते आणि मला हत्यारं देते, तिनं त्या दिवशी चांगलं लुगडं नेसलं होतं. मी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून नळी गरम केली, कारण थंड नळीत जुना सेन्सर आवळून बसतो, जोर केला तर आटेच निघून येतात. वायर जाण्यापुरती खाच असलेला पाना चढवला, दम धरला, आणि 'कट्' असा आवाज होऊन तो सुटला. जिप्सीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. नवा सेन्सर खोक्यातून काढला. टोकावर प्लास्टिकची टोपी. सोबत कागदाची एक घडी, त्यावर चित्र: सेन्सरच्या टोकाला बोट लागतंय आणि त्यावर मोठी फुली.

आता आमची रीत सांगायला हवी. माझे वडील बैलगाड्यांच्या चाकांचं काम करत. नव्या चाकाला, नव्या कण्याला शेंदूर लावल्याशिवाय ते हात लावू देत नसत. गॅरेजात मारुतीची तसबीर आहे, तिच्याखाली एका डबीत तेलात कालवलेला शेंदूर. नवा पार्ट गाडीत जाण्याआधी त्याला एक टिळा. घुग्घुसचे कोळशाच्या ट्रकांचे ड्रायव्हर तर टिळा बघितल्याशिवाय क्लच प्लेट बसवू देत नाहीत. दिवसरात्र धुळीतून जाणारी माणसं ती, त्यांना आधार लागतो. क्लच प्लेटच्या कडेला, गिअरच्या दांड्याला ठिपकाभर शेंदूर लागला तर कोणाचं काही बिघडत नाही. वीस-बावीस वर्षांत बिघडलं नव्हतं.

सुनंदानं डबी पुढे केली. सगळे बघत होते, मोबाईल चालू होता. मी प्लास्टिकची टोपी काढली. टिळा कुठं लावतात? कपाळाला. आणि सेन्सरचं कपाळ कुठलं? मला वाटलं, टोक. कागदावरचं ते फुली मारलेलं बोट मला दिसत होतं, ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मनात आलं, मनाई बोटाला आहे, देवाला थोडीच आहे. तेलातला शेंदूर चांगला ठसठशीत लावला. टोकाला बारीक भोकं असतात, धूर आत घ्यायला. त्यात तो उतरला असणार. मग सेन्सर बसवला, दिवा विझवला, आणि ती लाल गाडी गुरगुरत गेली. सुनंदानं सगळ्यांना पेढे वाटले.

आजही मी टिळा लावतो, क्लच प्लेटला, ब्रेकच्या ड्रमला. बंद केला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. डबीत बोट बुडवताना दर वेळी हात क्षणभर थांबतो आणि मग पुढे जातो.

चौथ्या दिवशी लाल गाडी परत आली. आचके पहिल्यापेक्षा जास्त, मागून काळा धूर, पिवळा दिवा पुन्हा लागलेला. निशांतभाऊंचा चेहरा उतरलेला. या वेळी जिप्सीवाले पाच होते. कोणी हसलं नाही, पण हसू ओठावर येऊन थांबलेलं मला दिसत होतं. मी गाडीखाली शिरलो आणि नवा सेन्सर काढला. टोकाच्या भोकांत काळ्या थरावर लालसर रेघ होती. शेंदरात शिसं असतं आणि शिसं सेन्सरला विष असतं, हे मला पुढे कळलं. पण गाडीखाली पाठीवर पडलेलो असताना, ती रेघ बघितल्याबरोबर, एवढं कळलं की हे माझं काम आहे.

बाहेर आलो. अंगठ्यानं टोक पुसून पँटला हात घासला. विचारलं, "भाऊ, पेट्रोल कुठी भरलं होतं?"

ते आठवून म्हणाले, "परवा रिसॉर्टवरून निघालो तेव्हा काटा तळाला होता. मोडीवरच्या त्या बाईकडून चार बाटल्या घेतल्या."

"मग तेच," मी म्हणालो. "घासलेट मिसळलं असंल त्यात. सेन्सर खाल्ला तेनं."

एवढंच. चहा सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

मोडीवरची, म्हणजे वळणावरची, बाई म्हणजे वच्छलाबाई. घर ढिवराचं, नवरा तलावात मासे धरायचा. तलावातलं पाणी उतरलं की मासे कमी, म्हणून उन्हाळ्यात ही रस्त्याच्या वळणावर पळसाखाली टेबल मांडून बाटल्यांत पेट्रोल विकायची. दीर मोटरसायकलवरून शहरातल्या पंपावरचं कॅन आणायचा. प्रत्येक बाटली ती पांढऱ्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून भरायची आणि ते फडकं गिऱ्हाइकाला उलटंपालटं करून दाखवायची. "काडीचा कचरा दिसला त बाटली फुकट न्या," असं म्हणायची. जंगलातून मोटरसायकल ढकलत आलेली किती माणसं तिनं घरी पोचवली असतील. मीही त्यातलाच. तिच्या बाटलीवर दोनदा घरी आलो आहे.

निशांतभाऊ त्याच दिवशी दोन माणसं घेऊन मोडीवर गेले आणि टेबलावरच्या सगळ्या बाटल्या रस्त्यात ओतल्या. मी तिथं नव्हतो. पाहिलेल्यांनी सांगितलं, ती ओरडली नाही, फडकं पुढे करून दाखवत राहिली. पाच जिप्सीवाल्यांनी माझं बोलणं कानांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते जंगलाच्या गेटवर पोचलं, दुसऱ्या दिवशी गावागावांत. जिप्सीवालेच तिची रोजची गिऱ्हाइकं होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर पाने-पेचकस घेऊन त्या दोरीला गाठ मारत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजात आली. पायी, उन्हातून, हातात एक भरलेली बाटली. दोन जिप्सीवाले क्लचच्या कामासाठी थांबले होते. ते आहेत हे बघूनच ती आत आली असावी.

"मधुकरभाऊ," ती म्हणाली, "तुमी शिकलेले मेकॅनिक आहा. हे तेच पेट्रोल होये, तेच कॅनातलं उरलेलं. यायच्या समोर पाहून द्या. खराब असंल त खराब सांगा. मी काई म्हननार नाई."

तिला काय हवं होतं हे लख्ख दिसत होतं. दोन माणसांसमोर एक वाक्य. ते मिळालं असतं तर तिचं टेबल उद्या पुन्हा पळसाखाली लागलं असतं.

मी पांढरा कागद घेतला. त्यावर दोन-चार थेंब टाकले. चोख पेट्रोल उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही, भेसळीचं तेलकट कडं सोडतं. त्या उन्हात थेंब उडायला किती वेळ लागणार? आम्ही चौघं आणि कपाटाजवळ सुनंदा, पाच माणसं वाकून बघत होतो. कागद कोरडा झाला. कोरा, जसा होता तसा.

"डाग त नाई दिसून राह्यला," वच्छलाबाई म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे नाही.

जिप्सीवालेही माझ्याकडेच बघत होते. आता खरं बोललो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग सेन्सर कशानं गेला, भाऊ? आणि त्याचं उत्तर म्हणजे एवढी मोठी गाडी हातात घेतली आणि टिळा लावून मारली. मोहर्लीपासून वरोऱ्यापर्यंत हसले असते लोक. निशांतभाऊंच्या मोबाईलमध्ये टिळ्याचं चित्रण होतंच.

"थोडंसंच घासलेट असलं त डाग नाई पडत, बाई," मी म्हणालो. "असं पाहून नाई सांगता येत."

हे खोटं आहे हे मला माहीत होतं. तिलाही ते कळलं असणार, कारण ती वाद घालत बसली नाही. बाटलीला बूच लावलं, पदरानं तोंड पुसलं आणि "बरं" म्हणून निघाली. जिप्सीवाल्यांपैकी एक हळूच म्हणाला, "आता समजलं काऊन माही गाडी मिसिंग मारून राह्यली होती." त्याच्या गाडीचा प्लग जुना होता. तेही मी सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवताना सुनंदा एवढंच बोलली, "डाग त नव्हता पडला."

"तुले काय समजते त्यातलं?" मी खेकसलो. जिला कपाटातला प्रत्येक पार्ट नंबरासकट पाठ आहे, तिला मी हे म्हणालो. ती उठून ताट घेऊन गेली.

दुसरा नवा सेन्सर आला तो मी एकट्यानं, सकाळी लवकर बसवला. टोपी काढली ती थेट नळीच्या तोंडाशी. सुनंदा डबी घेऊन आली होती. माझे हात बघत उभी राहिली. "या बारी शेंदूर काऊन नाई लावला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, घाईत राहिलं. तिनं डबी तसबिरीखाली परत ठेवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. गाडी त्यानंतर मक्खन चालली. वर्षभरानं निशांतभाऊंनी रिसॉर्ट विकलं आणि गाडीसकट निघून गेले.

वच्छलाबाईचं टेबल काही दिवस रिकामंच राहिलं, मग तेही दिसेनासं झालं. ती धान लावायला, कापूस वेचायला मजुरीनं जाते असं ऐकलं. कधी रस्त्यात दिसली की मी इंजिनात डोकं खुपसायचो. चार वर्षांत मी कितीतरी इंजिनांत विनाकारण डोकं खुपसलं आहे.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. म्हणायचो, बाटलीत पेट्रोल विकणं कायद्यात बसत नाहीच, कधी ना कधी बंद झालंच असतं. म्हणायचो, आग लागली असती तर? म्हणायचो, देवाचा शेंदूर, त्याला दोष कसा द्यायचा. माणूस स्वतःचा वकील झाला की त्याला कुठलंही कलम चालतं. एकदा तर जत्रेत मारुतीसमोर हात जोडून सगळं सांगून टाकलं. पण देवाला सांगण्यात काय धोका? तो गेटवर जाऊन बोलणार नसतो.

यंदा मोह लवकर गळाला. परवा पहाटे फटफटलं तसा मी मोटरसायकल काढली आणि वच्छलाबाईच्या गावाबाहेरच्या झाडांकडे गेलो. झाडांखालचा पाला आदल्या दिवशी जाळलेला, राखेवर पिवळी फुलं टिपून घेण्याजोगी पडलेली. ती सुनेबरोबर वेचत होती. कंबर बारीक झाली आहे, केस पांढरे. मला बघून सरळ झाली.

मी सांगून टाकलं. उभ्याउभ्या, एका दमात. "बाई, ते लाल गाडी तुमच्या पेट्रोलानं नव्हती बिघडली. मी नव्या पार्टाले शेंदूर लावला, त्यानं बिघडली. तुमी बाटली घेऊन आल्या तवाबी मले मालूम होतं. मी लबाड बोललो."

सून तोंडाकडे बघत राहिली. वच्छलाबाई पुन्हा खाली बसून वेचायला लागली. मान वर न करता म्हणाली, "हे मले काऊन सांगून राह्यले, भाऊ? माहं पेट्रोल चोखं होतं हे मले त तवाच मालूम होतं. ज्यायले नाई मालूम, त्यायले जाऊन सांगा न."

मी म्हणालो, टोपली उचलू लागतो. ती म्हणाली, "राहू द्या. जा तुमी."

तिथून सरळ गेटवर गेलो. सकाळची सफारी आटोपून जिप्सीवाले चहाच्या टपरीशी बसले होते, सात-आठ जण. त्या वेळचे दोघंच, बाकी नवी पोरं. सगळे मला ओळखतात, सगळ्यांच्या गाड्यांखाली मी पडलेलो आहे. "या भाऊ, बसा," म्हणत त्यांनी जागा केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहाबरोबर क्लच प्लेटच्या गोष्टी.

"मले तुमाले एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "वच्छलाबाईचं."

ते एकमेकांकडे बघायला लागले. एकानं विचारलं, "कोन वच्छलाबाई?"

"मोडीवर पळसाखाली बसत होती न. पेट्रोल विकत होती."

तेव्हा एका नव्या पोराचा चेहरा उजळला. चार वर्षांपूर्वी तो शाळेत असेल. "अच्छा," तो म्हणाला, "ते मिलावटवाली?"

"हो, तीच," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. त्यांनी ऐकूनही घेतलं. पण खरं बोलायला म्हणून उघडलेल्या तोंडातून आधी 'हो, तीच' हे दोन शब्द निघाले होते.